भिंती छपराला टेकत नाहीत अशा घरात हा विषय काढायचा कसा?

कौलारू · १२ जून, रात्री ११.४०

हा आयडी फक्त या धाग्यापुरता काढलाय. जुन्यांपैकी कुणी लिहिण्यावरून ओळखलंच, तर विपुत (माझ्या विचारपूस-पानावर) येऊन "तूच ना गं?" विचारू नका. गप्प राहा, एवढं माझ्यासाठी करा.

सासर फोंडा तालुक्यात, माहेर सावंतवाडीकडचं. लग्नाला १२ वर्षं झाली. मी ३७, नवरा ४१, मुलगा ९ वर्षांचा. नवरा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे, फिरत्या तीन पाळ्या. माणूस चांगला आहे हे आधीच सांगते, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत त्याचे वाभाडे निघतील. पोराचं गणित तो घेतो, बाजारातून नुस्तं (मासळी) तो आणतो, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल तो चोळतो.

फक्त माझ्याजवळ येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सगळ्या विनोदांत बायकोचं डोकं दुखतं. आमच्याकडे नवऱ्याचं दुखतं. गेली तीन वर्षं दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि मागच्या चवथीपासून (गणेशचतुर्थीपासून) एकदाही नाही. मला मात्र हवं असतं. हे वाक्य तीनदा लिहून तीनदा पुसलं, आता राहू दे.

मैत्रिणीला आडून आडून सांगितलं तर म्हणाली, "सुखी आहेस, रात्रीची कटकट नाही." बहीण म्हणाली, "बाहेर काही आहे का बघ." सांगायला लाज वाटते, पण त्याचा फोन उघडून बघितला. युनियनचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि बांगड्यांचे भाव.

खरं दुखतं ते वेगळंच. पूर्वी चहा देताना खांद्यावर हात ठेवला की तो मान वाकडी करून गाल टेकवायचा. आता हात ठेवला की अंग ताठ होतं, कुणी पोलिसाने हात ठेवल्यासारखं. म्हणून मीही हात लावायचं सोडलं. "आत उकडतं" म्हणून तो सोप्यावर झोपायला जातो. जानेवारीतही उकडत होतं. माहेरच्या वळणाने मी त्याला चारचौघांत "अहो" म्हणते आणि खोलीत "तू". हल्ली खोलीतही तोंडात "अहो"च येतं.

आता प्रश्न. "बोलून बघ" असं सांगू नका, ते मलाही कळतं. जुनं घर आहे. खोल्यांच्या भिंती कौलांपर्यंत पोचत नाहीत, वरून सगळं घर एकच. पलीकडे सासऱ्यांनी कूस बदलली तरी इकडे कळते. पोरगा आमच्याच खोलीत. तर मला सांगा: कुठलं वाक्य, किती वाजता आणि कुठे बसून?

म्हापसा_शुक्रवार · १२ जून, रात्री ११.५५

रुमाल टाकून ठेवतो. भिंतींबद्दल +१००. आमच्या जुन्या घरात आजी झोपेतून "हळू बोला रे" म्हणायची, आणि आम्ही बोलत नसायचो. असो, गंभीर धागा आहे.

परखड_पाटील · १३ जून, सकाळी ७.१०

घरातल्या गोष्टी वेशीवर टांगायची फॅशन आली आहे. नवरा कमावतो, पीत नाही, मारत नाही, आणखी काय पाहिजे बाईमाणसाला? या वयात देवधर्म करावा. उलट असतं तर समजू शकलो असतो, नवऱ्याला नाही म्हणायचा बायकोला हक्कच नाही.

माशेलकाकू · १३ जून, सकाळी ८.३०

पाटील, चहा झाला का तुमचा? मग आंघोळीला जा.

कौलारू, बाळा, मी ६१ वर्षांची आहे, म्हणून मला बोलायला लाज नाही. आमच्याकडे उलटं होतं. ४८व्या वर्षी माझी पाळी जायला लागली आणि जवळ येणं म्हणजे नुसती आग व्हायला लागली. आतून कोरडं. हे नवऱ्याला सांगायचं सोडून मी काय केलं? उपास वाढवले. महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी, सोमवार, प्रदोष. उपासाच्या दिवशी कुणी जवळ येत नाही ना! दोन वर्षांत मी इतकं पुण्य जमवलं की विचारू नका. ह्यांना वाटलं, बायकोचा जीव आपल्यावरून उडाला. ते बिचारे अंगणातल्या पोफळींना पाणी घालत बसायचे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आतून लावायचं मलम दिलं आणि सहा-आठ आठवड्यांत फरक पडला. दोन वर्षं वाया गेली ती मात्र गेलीच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: समोरासमोर बसून हे बोलू नये. समोरासमोर बसलं की कोर्ट होतं. आमचं बोलणं स्कूटरवर झालं, बाणस्तारीच्या बाजारातून येताना. तोंडं एकाच दिशेला, चेहरा कुणाचा कुणाला दिसत नाही, आणि वाऱ्यामुळे रस्त्यावरच्या तिसऱ्याला ऐकू जात नाही.

वकिलीणबाई · १३ जून, सकाळी १०.०५

पाटील, "हक्कच नाही" हे चूक. पत्नी १८ वर्षांवरची असेल तर पतीची जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात बलात्काराच्या व्याख्येत अजून बसत नाही, हे दुर्दैवाने खरं. पण घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचारच आहे, आणि तो गोव्यातही लागू आहे. कुणा वाचकबाईला गरज असेल तर महिलांसाठीची मदतवाहिनी १८१.

अवांतर: गोव्यात लग्नाची नोंद आपण दोन टप्प्यांत करतो. आधी इच्छा जाहीर करायची, मग पुन्हा जाऊन पक्कं करायचं. १८६७च्या पोर्तुगीज संहितेपासून मालमत्ता कुणाची किती हे सगळं लिहून ठेवलंय, वेगळा करार नसेल तर निम्मी-निम्मी. दोन्ही वेळा सह्या करताना या धाग्यावरचा प्रश्न कुणी विचारत नाही. माझी कॅथलिक शेजारीण लग्नाआधी चर्चचा तयारीवर्ग करून आली, तिथे निदान या विषयावर कुणीतरी तोंड उघडलं होतं. आपल्यात हळद लागते आणि संपलं.

परखड_पाटील · १३ जून, सकाळी १०.२०

[प्रतिसाद काढून टाकला आहे. संपादक मंडळ]

डिचोलीकर · १३ जून, दुपारी १.४५

मी दुसऱ्या बाजूचा. म्हणजे तुमच्याच बाजूचा, पण पुरुष. मला हवं असायचं, बायकोला नाही.

दुसरी मुलगी झाल्यावर वर्षभर काही नव्हतं. मी समजूतदार नवरा होतो, म्हणजे स्वतःला तसं समजत होतो. प्रत्यक्षात मोजत होतो. कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांसारख्या खुणा करून ठेवल्या होत्या. एका रात्री भांडणात ते कॅलेंडरच तिच्यापुढे धरलं. आयुष्यात केलेल्या मूर्खपणांत हा पहिल्या तिनांत येईल.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "सकाळपासून एक अंगाला लोंबते, दुसरी पदराला. रात्री त्या सुटल्या की तू येतोस. माझं अंग माझं कधी असतं?"

त्यानंतर मी एकच केलं. रात्री ९ ते १०.३० धाकटी माझ्याकडे. रडली तरी माझ्याकडेच. बायको तेवढ्या वेळात काय करायची? काही नाही. न्हाणीत जाऊन निवांत आंघोळ, मग पडवीत एकटी बसायची. पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं की आता या बदल्यात काहीतरी मिळेल. तिला ते माझ्या तोंडावर दिसत होतं, म्हणून काही मिळत नव्हतं. ज्या दिवशी मी खरंच विसरलो, त्यानंतर हळूहळू गाडी रुळावर आली. पूर्वीइतकी नाही, पण आली.

आणखी एक. मला वाटायचं, इच्छा आधी आणि बाकीचं नंतर. तिचं तसं नाही. तिला आधी काहीच वाटत नाही. आधी भूक नसतेच, फोडणीचा वास आला की भूक लागते. मी आपला उपाशी माणसासारखा ताटावर बसून "तुला भूक नाही म्हणजे माझं जेवण आवडत नाही" असा हिशेब करत होतो.

वेर्णा_शिफ्ट · १३ जून, रात्री ११.१५

कौलारूताई, मीही वेर्ण्याचाच, कंपनी वेगळी असावी. सेकंड शिफ्टहून येऊन लिहितोय. तुमच्या नवऱ्याला ओळखत नाही, पण ते "अंग ताठ होणं" ओळखतो.

सांगतो. माझं दोनदा जमलं नाही. का ते माहीत नाही, दमलो होतो, नाईटचा आठवडा होता. तिसऱ्यांदा जमेल का या धास्तीने पुन्हा जमलं नाही. त्यानंतर बायकोने पाठीवर हात ठेवला तरी डोक्यात घंटा वाजायची, की पेपर सुरू झाला. पेपरच नको म्हणून वर्गातच जायचं नाही, असं सुरू झालं. तिला वाटलं मला ती नको. मला ती हवी होती, परीक्षा नको होती. हे दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, ताई.

बसस्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या जाहिरातीवरच्या नंबरावर फोन करून पावडरही मागवली. ती घेतल्यावर छातीत असं धडधडलं की टॉयलेटमध्ये बसून देवाचं नाव घेत होतो. बायकोला अजून माहीत नाही. हे वाचत असशील तर सॉरी.

स्टेथो · १४ जून, सकाळी ६.५०

डॉक्टर आहे, बार्देशात प्रॅक्टिस. धागा वाचून सकाळी सकाळी बसलो. इथे तपासणी होत नाही, तेव्हा हे माहितीपुरतं.

वेर्णा_शिफ्ट, ती पावडर फेकून द्या. असल्या "आयुर्वेदिक" पुड्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) गुपचूप मिसळलेलं सापडलेलं आहे. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब धाडकन खाली येतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरने तपासून दिलेली तीच गोळी बहुतेकांना सुरक्षित असते. गंमत बघा, तीच वस्तू सरळ रस्त्याने घ्यायला लाज आणि मुतारीतून घ्यायला नाही.

चाळिशीत ताठरतेची तक्रार वारंवार येत असेल तर ती नुसती मनाची म्हणून सोडू नका. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे वाहिन्या खराब व्हायला लागल्याची खूण तिथे आधी दिसू शकते आणि छातीतलं दुखणं काही वर्षांनी. तेव्हा रक्तदाब, साखर (एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी), कोलेस्टेरॉल, थायरॉइड बघून घ्यावं. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासायचं तर सकाळी १०च्या आत, आणि कमी आलं तर दुसऱ्यांदा तपासून मगच मानायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः जुन्या बीटा-ब्लॉकर, आणि नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या इच्छेवर किंवा ताठरतेवर परिणाम करतात. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही! बीटा-ब्लॉकर एकदम थांबवणं धोक्याचं असतं. ज्याने दिली त्यालाच सांगा, बहुतेकदा पर्याय निघतो.

पाळ्यांबद्दल: शिकागोत दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. अभ्यास लहान आहे, पण नाईट करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

डिचोलीकरांचं फोडणीचं उदाहरण मी पेशंटना सांगण्यासाठी चोरणार आहे. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हेच मांडलं: कित्येक स्त्रियांत, विशेषतः जुन्या नात्यात, इच्छा आधी नसते, जवळीक सुरू झाल्यावर जागी होते. म्हणजे त्या बिघडलेल्या नाहीत. पुरुषांतही असं असतं, फक्त कबूल कुणी करत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईत प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) चढलेलं आणि इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) उतरलेलं असतं, त्यामुळे कोरडेपणा आणि अनिच्छा दोन्ही येतात. काकूंना दिलेलं मलम बहुधा इस्ट्रोजेनचं असावं, पण ते विचारूनच घ्यायचं.

आता खरी युक्ती. १९७० साली अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन या जोडगोळीने एक पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. दोघांनी ठरवून काही आठवडे संभोगावर पूर्ण बंदी घालायची. बंदी म्हणजे बंदी. मग आठवड्यातून दोन-तीनदा वीसेक मिनिटं आळीपाळीने नुसता स्पर्श: पाठ, हात, पाय, केस. सुरुवातीला खाजगी भाग वगळून. ज्याला स्पर्श होतोय त्याने एवढंच सांगायचं, हे बरं वाटतं, हे नको. पुढे काही होणारच नाही हे दोघांनाही पक्कं माहीत असल्यामुळे वेर्णा_शिफ्ट म्हणतात तो पेपरच रद्द होतो. पुढचे टप्पे हळूहळू, जमलं तर समुपदेशकाच्या मदतीने.

बांबोळीला मनोविकार संस्थेच्या ओपीडीत यासाठी जाता येतं. "बांबोळीला गेला" म्हणजे वेडा झाला, हे आपल्याकडचं जुनं बोलणं आता सोडायला हरकत नाही. फोनवरच बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी टेलिमानस १४४१६, पैसे पडत नाहीत.

म्हापसा_शुक्रवार · १४ जून, सकाळी ९.००

कोरडेपणावर खोबरेल तेल का नाही? गोव्यात राहून मलमं कसली विकत आणायची!

स्टेथो · १४ जून, सकाळी ९.२०

कंडोम वापरत असाल तर मुळीच नाही. तेलाने लेटेक्स कमकुवत होतं आणि फाटतं. मग नऊ महिन्यांनी तुम्हीच बारशाचा धागा काढाल. पाण्यावर आधारित जेल औषधाच्या दुकानात मिळतं.

पुणेरी_पाहुणी · १४ जून, सकाळी ११.३०

सरळ वेगळा फ्लॅट का घेत नाही? दोघांनाही स्पेस मिळेल.

कौलारू · १४ जून, रात्री १०.५०

पाहुणीताई, फोंड्यातले फ्लॅटचे भाव बघा आणि मग बोलू. या घरालाही चौदा वाटेकरी आहेत, निम्मे मुंबईत. वेगळं व्हायचं म्हटलं तर आधी कोर्टात इन्व्हेंटरी (वारसांची वाटणी) काढावी लागेल, तोवर माझी पाळी गेलेली असेल.

बाकी सगळ्यांना: वाचतेय, परत परत वाचतेय. वेर्णा_शिफ्ट, तुमचा प्रतिसाद वाचून आत काहीतरी हललं. दोन वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. त्याच सुमाराला त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. आता लिहीत नाही, विचार करते.

शिरोडेकरीण · १५ जून, दुपारी ३.१५

मी पहिल्यांदाच लिहितेय. मला नको असतं आणि नवऱ्याला हवं असतं. मी नाही म्हणत नाही, पडून राहते. मग कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, थकवा. चार डॉक्टर झाले, औषधं झाली. कुठल्याच डॉक्टरने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. इथे एवढंच लिहायचं होतं.

स्टेथो · १५ जून, रात्री ९.४०

शिरोडेकरीण, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्यासारख्या तक्रारीवर गोव्यातच मोठा अभ्यास झालेला आहे, २००५च्या सुमाराला प्रसिद्ध झाला. पांढरं जाण्याची तक्रार जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त जुळलेली आढळली. याचा अर्थ तुमचा त्रास खोटा असा नाही, तो खराच आहे. संसर्ग नाही हे एकदा तपासून घ्या, आणि पुढच्या वेळी डॉक्टरना "मला नको असतं"पासूनची तुमची तीन वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवा.

आणि "नाही म्हणत नाही, पडून राहते" यावर: ते थांबवा. नको असताना दिलेल्या प्रत्येक होकाराने पुढची इच्छा आणखी मरते. शरीर शिकतं की स्पर्श म्हणजे त्रास.

माशेलकाकू · १५ जून, रात्री १०.००

शिरोडेकरीण, विपु बघ गं.

कौलारू · २ जुलै, रात्री ११.२०

झालं. म्हणजे बोलणं झालं.

काकूंचं ऐकलं, पण स्कूटरवर नाही. पावसात रेनकोटच्या टोपीतून मला काही ऐकू येत नाही. रविवारी पोराला नणंदेकडे सोडलं आणि जुन्या गोव्याहून दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत चढलो. निमित्त, तिथल्या एका ओळखीच्या बाईंकडून लोणच्याची बरणी आणायची. मांडवी नुसती लाल झालेली. दोघंही कठड्याला टेकून, तोंडं पाण्याकडे.

मी वाक्य आठ दिवस घोकलं होतं. फेरी सुटल्यावर म्हटलं, "तुला माझा हात नको वाटतो, की हातानंतरचं नको वाटतं?"

तो काहीच बोलला नाही. पलीकडचा धक्का आला, उतरलो, त्याच फेरीने परत आलो. (पायी माणसाला तिकीट नाही, हे बरंय.) इकडच्या धक्क्याला मी उतरायला लागले तर त्याने हाताला धरून थांबवलं. तिसऱ्या खेपेला, मध्यावर आल्यावर म्हणाला, "हातानंतरचं."

मग बोलत सुटला. ती दोन वर्षांपूर्वीची रात्र. त्याचं जमलं नव्हतं आणि मी हसून म्हटलं होतं, "राहू दे, म्हातारा झालास." मी ते त्याला हलकं वाटावं म्हणून म्हटलं होतं. मला आठवतही नव्हतं. त्याने दोन वर्षं ते वाक्य उशाला घेऊन काढलीत. गोळी, नाईट शिफ्ट आणि माझं वाक्य, या तिघांत कोण किती जबाबदार देवाला माहीत, पण मी माझा हिस्सा घेतला.

आणि मी मात्र एवढे दिवस आरशात बघून पोट आत ओढत होते.

पावडर त्यानेही मागवली होती. मोटरसायकलच्या टूलबॉक्समध्ये होती. ती मांडवीत टाकणार होता, मी म्हटलं माशांना कशाला त्रास, कचऱ्यात टाक. बरणी आणायची राहिलीच.

वेर्णा_शिफ्ट · ३ जुलै, दुपारी १२.१०

तीन फेऱ्या! मी काल बायकोला पावडरीचं सांगितलं. ती पंधरा मिनिटं हसली. मग रडली. मग म्हणाली, किती पैसे दिलेस? तो आकडा ऐकून खरी चिडली.

डिचोलीकर · ३ जुलै, दुपारी १.००

"माझा हिस्सा घेतला" हे मोठं आहे, ताई. आता डॉक्टरकडे.

कौलारू · २४ सप्टेंबर, सकाळी १०.३०

चवथ झाली, गणपतीवरची फळापानांची माटोळी उतरवली, पाहुणे गेले. आता लिहायला वेळ आहे.

डॉक्टरकडे दोघं गेलो. साखर निघाली, एचबीए१सी ८.१. कुणाला पत्ता नव्हता. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनीच बदलली, साखरेची सुरू केली, चालणं लावलं. पाळी बदलून मिळाली नाही, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

स्टेथोंनी सांगितलेली बंदी घातली, सहा आठवड्यांची. पोराला चार दिवस "तू आता मोठा" म्हणून आजीच्या खोलीत झोपवला, तो तिथेच रमला. राहिल्या भिंती. त्यावर उपाय आषाढाने केला. कौलांवर पाऊस धो धो असला की पलीकडच्या खोलीतला टीव्हीसुद्धा ऐकू येत नाही. आम्ही दोघं पावसाची वाट बघत बसायचो, शेतकऱ्यासारखे. पहिल्या दिवशी वीस मिनिटं मोबाइलवर लावली आणि पाठीवरून हात फिरवताना तो चक्क घोरायला लागला. मला राग यायला हवा होता. पण बारा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हाताखाली त्याचं अंग सैल होतं.

बंदी चौथ्या आठवड्यात मोडली. फार काही ग्रेट नव्हतं. दोघंही नवीन ड्रायव्हरसारखे. पण कुणी "राहू दे" म्हटलं नाही.

आता कुणी "सगळं छान झालं" असं समजू नये. मला आठवड्यातून दोनदा वाटतं, त्याला महिन्यातून दोन-तीनदा. हा फरक आहे आणि राहणार. आम्ही एकच नियम केलाय: नाही म्हणायचं असेल तर म्हणायचं, पण नाही म्हणून सोप्यावर जायचं नाही. "आज नको" म्हणून तिथेच माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपायचं. आणि नको म्हणणाऱ्याने पुढचा दिवस सांगायचा. शुक्रवार सांगितला की बहुतेक वेळा शुक्रवार होतो. कधी होत नाही, मग मी दुसऱ्या दिवशी भांडी जरा जोरात घासते.

मधल्या दिवसांचं मी माझं बघते. त्यालाही माहीत आहे. कळणाऱ्याला कळेल.

म्हापसा_शुक्रवार · २४ सप्टेंबर, सकाळी ११.००

शुक्रवारचं नाव ऐकून आयडी सार्थकी लागला.

परखड_पाटील · २४ सप्टेंबर, दुपारी १२.३०

शेवटच्या दोन ओळी तरी वगळायच्या होत्या. मराठी संस्कृतीत हे बसत नाही.

माशेलकाकू · २४ सप्टेंबर, संध्याकाळी ५.१५

पाटील, मराठी संस्कृतीतच र. धों. कर्वे होऊन गेले. १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत दरमहा मासिक काढून यापेक्षा स्पष्ट लिहीत होते. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. आंबेडकर उभे राहिले. माझ्या वडिलांनी जुने अंक ट्रंकेत तळाशी ठेवले होते, वरती व्यंकटेशस्तोत्र. मी दोन्ही वाचलं.

कौलारू, ते जोरात भांडी घासण्याचं फार आवडलं. पण एक विचारायचं राहिलं. फेरीत संध्याकाळी बसायला जागा मिळते का गं? आमच्या ह्यांचे गुडघे आता उभं राहायला देत नाहीत, ७० वर्षांचे झाले. त्यांना काहीतरी विचारायचं आहे.

कौलारू · २४ सप्टेंबर, रात्री ९.०५

बाकडी असतात काकू, कडेला. रविवारी नको, गर्दी असते. मंगळवारी जा. आणि बरणी तिथेच राहिलीय, जमलं तर घेऊन या.